गावाची आगोट : आपत्तीच्या पूर्वतयारीविषयी काही विचार

(पावसाळ्यापूर्वी पंचायत प्रतिनिधी, तलाठी, शिक्षक व स्वयंसेवक यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



मृग नक्षत्र जवळ आले की आपल्याकडील प्रत्येक घरात एक काम कोणी न सांगता सुरू होते. कौले चाळली जातात, सरपण कोरड्या जागी रचले जाते, मीठ, मिरची, आमसुले, सुके मासे, तांदूळ यांची बेगमी होते. कोणी या बेगमीला आगोट म्हणतात, कोणी पुरुमेत म्हणतात. शब्द कोणताही असो, त्यामागचा विचार एकच आहे. चार महिने पाऊस पडणार आहे, वाटा बंद होणार आहेत, तेव्हा जे लागेल ते आधी घरात असले पाहिजे. हा शहाणपणा आपल्या आजीपणजीने कोणत्याही प्रशिक्षण वर्गात शिकलेला नव्हता.

आज मला आपल्यापुढे जो प्रश्न मांडावयाचा आहे, तो असा की, घराची आगोट आपण भरतो, गावाची आगोट कोण भरतो? पाणी चढले तर अमुक वाड्यावरील माणसे कोठे जातील, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला कोण उचलील, झाड पडून रस्ता अडला तर करवत कोणाच्या घरी मिळेल, या गोष्टींची बेगमी गावाने केली आहे काय? केली असेल तर ती कोठे लिहिलेली आहे? आणि लिहिलेली असेल तर ती गावातील किती जणांना ठाऊक आहे?

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पाऊस, वारा, भरती, भूकंप या निसर्गाच्या घटना आहेत. आपत्ती ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. निसर्गाची घटना आणि माणसाची असावधानता यांची गाठ पडते तेव्हा आपत्ती निर्माण होते. गोव्यात पावसाळ्यात सरासरीने सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो काही संकट म्हणून पडत नाही, आपली शेती, विहिरी आणि बागायती त्याच्यावरच उभ्या आहेत. तोच पाऊस ओढ्याच्या वाटेत बांधलेल्या घरात शिरला म्हणजे आपण त्याला आपत्ती म्हणतो.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे हे ओडिशाच्या उदाहरणावरून दिसून येईल. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी त्या राज्याच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १० हजार माणसे प्राणास मुकली. पुढे १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ नावाचे वादळ गोपालपूरजवळ किनाऱ्याला लागले. वाऱ्याचा वेग १९९९ इतका नसला तरी ताशी २०० किलोमीटरच्या आसपास होता. मृतांची संख्या मात्र पन्नाशीच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत समुद्र बदलला नव्हता, वारा बदलला नव्हता. बदलली होती ती गावे. किनाऱ्यावर पक्की निवारागृहे उभी राहिली, गावोगाव समित्या नेमल्या गेल्या, कोणी कोणाला सूचना द्यावयाची आणि कोणी कोणाला घेऊन निघावयाचे हे ठरले, आणि त्याची तालीम दरवर्षी होऊ लागली. म्हणूनच वादळापूर्वी दहा लाखांच्या आसपास माणसे सुरक्षित जागी हलविता आली. एवढी माणसे केवळ हुकूम काढून हलत नसतात. आपल्याला नेणारा मनुष्य कोण आहे हे ठाऊक असले आणि त्याच्यावर विश्वास असला, तरच माणूस घराचा उंबरठा ओलांडतो.

आता आपल्या घरी येऊ. गोव्यात मोठी संकटे येत नाहीत, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. गेल्या काही वर्षांचा इतिहास त्याला पाठिंबा देत नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोण तालुक्यात काही तासांच्या मुसळधार वृष्टीने अचानक पूर आला आणि शेकडो घरांची हानी झाली. ऑक्टोबर उजाडला म्हणजे पावसाळा संपला असे आपण धरून चालतो. निसर्ग आपल्या दिनदर्शिकेकडे पाहून वागत नाही, हा त्या पुराचा धडा. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. ते गोव्याच्या भूमीवर आदळलेही नाही, तरी झाडे वीजवाहिन्यांवर कोसळून कित्येक गावे काही दिवस अंधारात राहिली. पंप बंद म्हणून पाणी नाही, दूरध्वनीचे मनोरे बंद म्हणून बोलणे नाही, अशी एकातून एक संकटे निघत गेली. त्यातच करोनाची साथ चालू होती. म्हणजे दोन आपत्ती एकाच वेळी येऊ शकतात, हा दुसरा धडा. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जुलै २०२१ रोजी, म्हादई व तिच्या उपनद्यांना पूर येऊन सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा या भागांत घरे कोसळली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याच दिवशी दूधसागर घाटात दरड कोसळून रेल्वेगाडीचे डबे रुळांवरून घसरले.

सर्वच संकटे आभाळातून येतात असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये, भर पावसाळ्यात, खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी व फोंडा तालुक्यांतील नळ कित्येक दिवस कोरडे पडले. ज्या वाड्यांवरील जुन्या विहिरी जिवंत होत्या तेथे लोकांनी दिवस काढले. जेथे विहिरी बुजवल्या होत्या किंवा कचऱ्याने भरल्या होत्या, तेथे टँकरची वाट पाहावी लागली. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. एकाच तालुक्याला जुलैत पुराची आणि मार्चमध्ये आगीची भीती असू शकते, हे सत्तरीकडे पाहून समजते.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. पहिले काही तास गाव स्वतःच्या बळावर असते. शासनाची यंत्रणा आहे, अग्निशामक दल आहे, रुग्णवाहिका आहे, गरज पडल्यास राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही येते. त्यांचे काम थोर आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु रस्ता अडलेला असेल आणि दूरध्वनी लागत नसेल, तर तोपर्यंत शेजारी हाच पहिला सैनिक असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन होऊन लोक थकून झोपलेले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरच्या मातीच्या जड धाब्यांखाली सुमारे ८ ते १० हजार माणसे गेली. जी वाचली त्यांतील अनेकांना प्रथम हात दिला तो शेजारपाजारच्यांनी. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. त्यात १५१ माणसे दगावली आणि गाव दिसत नाही ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती त्या मार्गावरील एस. टी. चालकाच्या. सांगणारासुद्धा उरू नये अशी वेळ एखाद्या वाड्यावर येऊ शकते. म्हणून रोज ठरलेल्या वेळी शेजारच्या वाड्याची खबर घेणारा कोणीतरी अतिवृष्टीच्या दिवसांत नेमलेला असला पाहिजे. याला पैसा लागत नाही.

गावाने मिळून संकटाची तयारी करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. आपली खाजन शेती पाहा. खाऱ्या नद्यांच्या काठची ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा सखल. ती आपल्या पूर्वजांनी बांध घालून पाण्यातून मिळविली. बांधाला मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा. ओहोटीला तो आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतो आणि पावसाचे पाणी नदीत सोडतो. भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटतो आणि खारे पाणी थोपवितो. या एका लाकडी दरवाजावर साऱ्या गावाचे भात अवलंबून. बांधाला खेकड्याने पाडलेले एक भोक दुर्लक्षित राहिले तर उधाणाच्या रात्री त्याचे खिंडार होते, आणि खारे पाणी एकदा आत शिरले की ती जमीन पुन्हा गोडी धरावयास काही पावसाळे जावे लागतात. म्हणून गावकरीच्या काळी बांध पाहणे, मातीगवताने तो भरणे, मानस सांभाळणे ही कामे नेमून दिलेली होती. ती कोणाच्या सवडीवर किंवा सद्भावनेवर सोडलेली नव्हती.

पुढे काळ पालटला. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाराला हक्क मिळाला. ही न्याय्यच गोष्ट झाली. बांधांची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघांकडे यावी म्हणून १९७५ मध्ये नियमही झाले. काही संघांनी ते काम उत्तम केले आणि आजही करीत आहेत. काही ठिकाणी मात्र शेती पडीक पडली, मानशीवरील मासेमारीचा लिलाव हेच उत्पन्न होऊन बसले, आणि मासळीसाठी खारे पाणी आत घेण्याचा मोह आवरेनासा झाला. बांध फुटला की आज आपण शासनाकडे बोट दाखवितो. शासनाने आपला वाटा उचललाच पाहिजे. परंतु बांधाचे भोक पहिल्या दिवशी ज्याला दिसते तो मनुष्य गावातच राहतो. खाजनाचा इतिहास आपल्याला सांगतो तो एवढाच, की जे काम सर्वांचे असते आणि कोणा एकाच्या नावावर नसते, ते कोणीच करीत नाही.

कायद्याचे म्हणणे याहून वेगळे नाही. २००४ च्या डिसेंबरातील सुनामीनंतर, २००५ मध्ये आपल्या देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यान्वये राष्ट्रीय प्राधिकरण पंतप्रधानांच्या, राज्य प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते. जिल्हा प्राधिकरणात लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. याच कायद्याने स्थानिक संस्थांवरही कर्तव्ये सोपविली आहेत. आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवणे, साधनसामग्री वापरण्यायोग्य स्थितीत ठेवणे, आपल्या हद्दीतील बांधकामे ठरलेल्या मानकांप्रमाणे होत आहेत हे पाहणे, आणि संकटकाळी मदत व पुनर्वसनाचे काम करणे, ही ती कर्तव्ये होत.

यांतील तिसऱ्या कर्तव्यावर मी जरा थांबतो, कारण ते अवघड आहे. बांधकामाचा परवाना पंचायत देते. ओहोळाच्या पात्रात भराव पडत असतो, डोंगराचा पायथा उभा कापला जात असतो, पाण्याची वाट बुजवून कुंपणाची भिंत उभी राहत असते, तेव्हा ती गोष्ट गावातील सर्वांना दिसते आणि पंचायतीलाही दिसते. तो अर्जदार कोणाचा तरी नातलग असतो, कोणाचा तरी मतदार असतो. त्या दिवशी ‘नाही’ म्हणणे हेच आपत्ती व्यवस्थापनातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण काम होय. पूर आल्यावर होडी पाठविणे याच्या तुलनेत सोपे आहे, आणि त्याची छायाचित्रेही छापून येतात. दिलेल्या नकाराचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. गावाची योजना म्हणजे शंभर पानांचा ग्रंथ नव्हे. चार प्रश्नांची उत्तरे चार कागदांवर लिहिली की ती पुरी होते. धोका कोठे आहे? तेथे कोण राहते? कोणी काय करावयाचे? आणि कशाने करावयाचे?

पहिला कागद नकाशाचा. तो बाहेरच्या तज्ज्ञाकडून काढवून घेण्याची गरज नाही. शाळेतील मुले आणि वाड्यावरील दोन वृद्ध यांना एकत्र बसवा. पूर्वीच्या पुरात पाणी कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला लागले होते, कोणत्या साकवावरून पाणी गेले होते, कोणत्या टेकडीला पावसाळ्यात भेगा पडतात, हे त्यांना तोंडपाठ असते. त्या खुणा नकाशावर घाला. वीजवाहिनीवर ओणवलेली झाडे, मोडकळीस आलेली घरे, जिवंत विहिरी आणि उंचावरील पक्क्या इमारती दाखवा. नदीकाठच्या गावांनी भरतीचे कोष्टकही त्याबरोबर ठेवावे. मोठा पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकाच वेळी आले की नदीचे पाणी समुद्र घेत नाही, ते मागे फिरते. पाऊस तेवढाच असूनही एका दिवशी अंगण कोरडे राहते आणि दुसऱ्या दिवशी घर बुडते, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

दुसरा कागद माणसांच्या यादीचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आपण म्हणाल, याद्या आहेत. मतदारयादी आहे, शिधापत्रिकांची यादी आहे. खरे आहे. पण त्या यादीत कोण नाही ते पाहा. भाड्याच्या खोलीत राहणारे परराज्यांतील मजूर नाहीत. बांधकामाच्या जागी पत्र्याच्या खोपटात राहणारी कुटुंबे नाहीत. ट्रॉलरवर काम करणारे खलाशी नाहीत. किनाऱ्यावरील पाहुणे नाहीत. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण मरण पावले, त्यांत बहुसंख्य दूरदूरच्या राज्यांतून आलेले मजूर होते. अशा ढिगाऱ्यापुढे उभे राहिल्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘आत किती माणसे आहेत?’ त्याचे उत्तर कोणाच्या तरी वहीत आधीच असावे लागते. आणि माणूस गेला तर त्याच्या गावी कोणाला कळवावयाचे हेही त्याच वहीत असावे लागते.

यादीत आणखी एक रकाना हवा. कोणाला स्वतःहून निघता येणार नाही? अंथरुणावरील आजारी, अंध, अपंग, एकटे राहणारे वृद्ध, दिवस भरत आलेल्या स्त्रिया, डायलिसिसवर असलेले रुग्ण. प्रत्येकाच्या नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे लिहा, कारण एक शेजारी त्या दिवशी गावाबाहेर असू शकतो. मुले परदेशी आणि आईवडील मोठ्या घरात एकटे, अशी घरे आपल्या गावांत थोडी नाहीत. त्यांच्या दारावर थाप कोण देणार, हे आजच ठरले पाहिजे.

या यादीविषयी एक सावधगिरीची सूचना देतो. ही यादी माणसे वाचविण्यासाठी आहे, त्यांना हुसकावण्यासाठी नाही. भाडेकरूला असे वाटले की आपले नाव लिहून घेणारा उद्या आपल्याला खोली सोडावयास लावील किंवा चौकशीच्या फेऱ्यात अडकवील, तर तो नाव सांगणार नाही, आणि यादी जेथे सर्वांत जास्त हवी तेथेच कोरी राहील. म्हणून नावे कोणी लिहावयाची हेही विचारपूर्वक ठरवा. अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, शाळेतील शिक्षिका यांना ज्या घरात पाणी विचारले जाते, त्या घरात नावही मोकळेपणाने सांगितले जाते. ही वही पंचायतीने जपून ठेवावी, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी ती वापरू नये, आणि दरवर्षी मे महिन्यात ती ताजी करावी.

तिसरा कागद कामांच्या वाटणीचा. येथे पदे लिहू नका, नावे लिहा. ‘सूचना समिती’ असे लिहिल्याने कोणाच्या दारावर थाप पडत नाही. अमुक वाड्यावर अमुक व्यक्तीने सांगावयाचे, असे लिहा. आपल्या गावातील गुण हेरून कामे द्या. नारळ पाडणारा पाडेली झाडावर चढून फांदी उतरवितो तसे दुसऱ्याला जमणार नाही. तारीला आणि रापणकाराला पाण्याची ओढ कळते. गवंड्याला भिंत कधी पडेल हे दिसते. निवृत्त परिचारिका, वाहनचालक, विजेची कामे करणारा, आचारी, ही सर्व गावाची संपत्ती आहे. तिची मोजदाद मात्र आपण कधी केलेली नसते. अप्रशिक्षित माणसाने पुराच्या पाण्यात उडी घेऊ नये आणि तुटलेल्या वीजवाहिनीला वीज खात्याच्या माणसाखेरीज कोणीही हात लावू नये, हेही याच कागदावर ठळक अक्षरांत लिहा. मदतीला धावलेला तरुण दगावला, तर गावावर एकाऐवजी दोन संकटे येतात.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांचाही येथेच विचार करावयाचा. पिवळा इशारा म्हणजे २४ तासांत सुमारे ६४ ते ११५ मिलिमीटर, नारिंगी म्हणजे २०४ मिलिमीटरपर्यंत, आणि लाल म्हणजे त्याहूनही अधिक पावसाची शक्यता. हे आकडे ऐकून सामान्य माणसाला काही उमगत नाही. पंचायतीने त्यांचे कृतीत भाषांतर करावयाचे असते. पिवळा असता गटारे व मोऱ्या पाहाव्यात आणि स्वयंसेवकांनी गाव सोडू नये. नारिंगी असता सखल वाड्यांना घरोघर कळवावे, निवाऱ्याच्या किल्ल्या हाताशी ठेवाव्यात, गुरे उंचावर बांधावीत. लाल असता ज्यांना चालता येत नाही त्यांना प्रथम हलवावे, आणि तेही उजेड असताना. सूचना मराठी-कोकणीबरोबर हिंदी व कन्नडमध्येही दिली पाहिजे. ज्याला कळले नाही त्याला ती दिलीच नाही असे समजा. दूरध्वनी बंद पडेल हे गृहीत धरून देवळाची घंटा, चर्चची घंटा, मशिदीचा ध्वनिक्षेपक यांच्या खुणाही आधी ठरवून ठेवा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०८ ही रुग्णवाहिका आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्ष, हे तीन क्रमांक प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवावेत.

चौथा कागद सामानाचा. करवती, कुऱ्हाडी, कोयते, जाड दोर, शिड्या, विजेऱ्या, ताडपत्री, हवा भरलेल्या ट्यूब, प्रथमोपचाराची पेटी, जनरेटर. यांतील बहुतेक वस्तू गावात कोणाकडे ना कोणाकडे असतात. त्या विकत घेण्याआधी कोठे आहेत ते लिहून काढा. निवाऱ्यासाठी शाळा किंवा सभागृह निवडताना केवळ छप्पर पाहू नका. तेथे पिण्याचे पाणी आहे काय, स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय आहे काय, वृद्धाला चढता येईल असा उतार आहे काय, तेथे जाणारा रस्ता स्वतःच पाण्याखाली जातो काय, हे पाहा. माणसे घर सोडावयास का तयार होत नाहीत, याचाही विचार हवा. त्यांना गुरांची काळजी असते, चोरीची भीती असते, कागदपत्रांची चिंता असते. गुरांसाठी जागा ठरवा, रिकाम्या वाड्यावर पहारा ठेवा, आणि प्रत्येक कुटुंबाला जमिनीचे कागद, शिधापत्रिका व नित्याची औषधे एका जलरोधक पिशवीत बांधून ठेवावयास सांगा. मग ती माणसे पहिल्या हाकेला निघतील.

चार कागद झाले म्हणजे काम संपले असे नाही. आपल्या गोव्यात क्वचितच असे गाव असेल की जेथे जत्रेला किंवा उत्सवाला नाटक होत नाही. पण तालमीवाचून कोणी रंगमंचावर उभा राहतो काय? एका रात्रीच्या नाटकासाठी आपण महिनाभर तालमी करतो, आणि माणसांच्या प्राणांशी गाठ असलेल्या प्रसंगाला मात्र संहितासुद्धा न वाचता सामोरे जातो. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, एखाद्या रविवारी तालीम करा. घंटा वाजवा, ठरलेल्या वाड्यावरील माणसे शाळेत आणा, आजारी माणसाला खरोखर खुर्चीत बसवून उचला. किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे त्या दिवशी बहुधा आढळेल. ते त्या दिवशी आढळणे हाच तालमीचा लाभ.

संकट ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी दोन शब्द बोलून मी थांबतो. पूर उतरला की विहिरी उपसून आरोग्य खात्याच्या सल्ल्याने त्यांत ब्लीचिंग पावडर घालणे, चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसची माहिती देणे, ओल्या भिंतींतील वीज तपासल्याखेरीज चालू न करणे, ही कामे त्याच दिवशी सुरू झाली पाहिजेत. पंचनाम्याच्या वेळी वाड्यावरील माणसाने तलाठ्याबरोबर फिरावे, म्हणजे मागल्या दाराची खोली आणि भाडेकरूचे वाहून गेलेले सामान नोंदीबाहेर राहणार नाही. मदत वाटताना कोणाला काय मिळाले याची यादी पंचायतीच्या फलकावर लावा. ज्याचा आवाज मोठा त्याला दोनदा आणि जो संकोची त्याला एकदाही नाही, असे एकदा घडले की पुढच्या संकटात गाव एकत्र येत नाही. मने मात्र कोणत्याही पंचनाम्यात बसत नाहीत. मुले पावसाच्या आवाजाने घाबरू लागतात, कर्ता पुरुष गप्प होतो, अशा घरी जाऊन नुसते बसणे हेसुद्धा मदतकार्यच आहे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकजण आज आपल्या गावी परत जाईल. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ते, दिवे, गटारे हे विषय असतीलच. त्यांच्यावर एक विषय घाला : ‘आपत्तीच्या तयारीचे चार कागद’. ग्रामसभेत प्रश्न विचारा, की या गावात आज रात्री पाणी चढले तर कोणाला उचलून न्यावे लागेल, आणि कोण नेणार? सभेत जी शांतता पसरेल तिच्यातून कामाला आरंभ होईल. पहिले नाव लिहिले गेले, त्यापुढे दोन शेजाऱ्यांची नावे लिहिली गेली, की गावाची आगोट भरावयास प्रारंभ झाला असे समजा. मृग लागावयास अद्याप काही दिवस आहेत. तेवढे दिवस या कामाला पुरेसे आहेत.